लेखांक ६ : कूस एकीची, नाव दुसरीचं

संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात, हे पांढुर्णा-सौंसरच्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. मुळं जंबेरीची, पाणी-खत तिनंच ओढायचं. झाडाला लागतं ते मात्र संत्रं. सरोगसीत गर्भ वाढवणाऱ्या बाईचं बाळाशी नातं काय, हे समजायला मला याहून जवळचं उदाहरण सापडलं नाही. २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार तिचं स्वतःचं बीज वापरता येत नाही. गर्भ प्रयोगशाळेत तयार होतो आणि तिच्या कुशीत ठेवतात.

खुंटाला मात्र कुणी विचारत नाही. बाईला विचारावंच लागतं, लेखी, आणि तिला समजेल त्या भाषेत. आपल्याकडे या अटीला फार वजन आहे. मध्य प्रदेश राज्याचा कारभार हिंदीत, घरात मराठी, मोठ्या उपचाराला धाव नागपूरकडे. न समजणाऱ्या भाषेतला कागद पुढे आला, तर सही करण्याआधी तो मराठीत मागून घ्यावा. तो तिचा हक्क आहे. गर्भ कुशीत ठेवण्याआधी तिचं मन फिरलं, तर तिला माघारही घेता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी शब्द दिला होता म्हणून तिला कुणी बांधून ठेवू शकत नाही.

जावेचं मूल जावेच्या ओटीत घातल्याच्या गोष्टी आपल्या घरांत नव्या नाहीत. त्यामुळे अनेकांना वाटतं, मूल होऊ दे, मग दत्तकाचं बघू. इथेच चूक होते. १९५६ च्या दत्तक कायद्यात मूल आधी जन्मतं आणि मग आईबाप ते हातानं देतात. सरोगसीत क्रम उलटा आहे. गर्भ राहण्याआधीच मूल हवं असलेलं जोडपं आणि सरोगेट बाई यांनी मिळून प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, आणि पालक कोण व ताबा कुणाकडे याचा आदेश घ्यायचा. पुढे बाळ जन्मल्यावर हाच आदेश त्याच्या जन्माचं प्रतिज्ञापत्र ठरतो.

इतकी घाई का? सरोगेट ही लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची बाई असावी लागते. आणि लग्न टिकून असताना बाईला झालेलं मूल तिच्या नवऱ्याचंच, असं पुराव्याचा कायदा धरून चालतो. पूर्वीचं कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ११६. नवरा-बायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं हे सिद्ध केलं, तरच ते गृहीतक मोडतं. म्हणजे आदेश न घेता जावेनं बाळाला जन्म दिला, तर कागदावर बाप तिचा नवरा. मायेनं सुरू झालेली गोष्ट वीस वर्षांनी बागेच्या खसऱ्यावर नाव चढवताना भावाभावांत कोर्टात जाऊ शकते. कायद्याची वाट धरून जन्मलेलं मूल मात्र त्या जोडप्याचं जैविक मूलच मानलं जातं, पोटच्या लेकराच्या सगळ्या हक्कांसह. सरोगेट नात्यातलीच हवी, असा आग्रह आधीच्या विधेयकात होता. कायद्यात तो उरला नाही. तिला मोबदला देता येत नाही, वैद्यकीय व नियमात ठरलेले इतर खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा एवढंच.

आता माझ्या उदाहरणाची दुसरी मर्यादा. बागेत डोळा ज्याचा, फळ त्याचं. माणसांत तसं नाही. २०२४ पासूनच्या नियमानं, जिल्हा वैद्यकीय मंडळानं गरज प्रमाणित केली तर जोडप्यातल्या एकाच्या बीजाऐवजी दात्याचं बीज घेता येतं. मग बीज देणारी आई ठरते का?

हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला तो जुन्या, २०१८ च्या करारातून. बीज पत्नीच्या धाकट्या बहिणीचं, कूस तिसऱ्याच बाईची, जन्म जुळ्या मुलींचा. पुढे नवरा-बायको वेगळे झाले, मुली वडिलांकडे गेल्या, बीज देणारी मावशीही त्याच घरात राहू लागली. मुली मुळात पत्नीच्या बहिणीच्या, पत्नीचा त्यांच्यावर हक्क नाही, असा नवऱ्याचा दावा होता. १३ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांनी तो फेटाळला. बीज दिलं म्हणून बहीण कायद्यानं आई होत नाही, असं सांगून त्यांनी पाच वर्षांच्या त्या मुलींना भेटण्याची वाट पत्नीला मोकळी करून दिली.