पुनःस्थापित कर्मचारी आणि त्याचे वेतन

निलंबन संपल्यावर किंवा बडतर्फीचा आदेश रद्द झाल्यावर कर्मचारी कामावर रुजू होतो. हजेरीपटावर त्याची सही त्याच दिवशी होते. वेतन मात्र कित्येकदा महिनोन्महिने निघत नाही. याचे कारण बहुधा निधीचा अभाव हे नसते, तर आदेशातील एक उणीव हे असते.

गोवा राज्यात या बाबतीत केंद्राचे मूलभूत नियम लागू आहेत. पुनःस्थापना करणाऱ्या अधिकाऱ्याने दोन गोष्टींविषयी स्पष्ट आदेश द्यावयाचे असतात: मधल्या कालावधीचे वेतन किती द्यावयाचे आणि तो कालावधी कर्तव्यकाल धरावयाचा किंवा नाही. केवळ ‘कामावर परत घेण्यात येत आहे’ एवढेच लिहिलेला आदेश वेतनलिपिकाच्या काही उपयोगाचा नसतो, आणि त्यात त्याचा दोषही नसतो.

रकमेचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. मूळ वेतन ४०,००० रुपये असलेला कर्मचारी आठ महिने निलंबित होता. पहिले तीन महिने निर्वाह भत्ता अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका, म्हणजे दरमहा २०,००० रुपये. पुढे विलंबास कर्मचारी जबाबदार नसल्यास त्या भत्त्यात निम्म्यापर्यंत वाढ करता येते. तो जबाबदार असल्यास तितकीच कपात करता येते. येथे वाढ मिळून तो ३०,००० रुपये झाला असे धरू. एकूण २,१०,००० रुपये मिळाले. निलंबन सर्वस्वी असमर्थनीय ठरल्यास पूर्ण वेतन ३,२०,००० रुपये होते. म्हणून १,१०,००० रुपये आणि त्यावरील महागाई भत्त्याचा फरक देय ठरतो. पूर्ण वेतन नाकारावयाचे असेल, तर कर्मचाऱ्यास तशी नोटीस देऊन त्याचे निवेदन विचारात घ्यावे लागते; तरीही रक्कम निर्वाह भत्त्याहून कमी ठरविता येत नाही. बडतर्फीनंतर परतलेल्याने मधल्या काळात अन्यत्र नोकरी करून मिळविलेली रक्कम मात्र वजा होते.

आता वेतनपटाचा प्रश्न. संगणकावर बडतर्फ व्यक्तीची नोंद बंद केलेली असते. ती पुन्हा चालू करण्याऐवजी नवा कर्मचारी म्हणून नवीन क्रमांक देण्याचा मोह होतो, कारण ते सोपे असते. तसे केल्यास मागील वेतनवाढी, रजेची शिल्लक आणि भविष्यनिर्वाह निधीचे खाते जुन्या क्रमांकाखाली अडकून राहतात. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा बारा अंकी क्रमांक तर एका व्यक्तीस एकच असतो. म्हणून जुनाच क्रमांक पुनरुज्जीवित करून, सेवापुस्तकात आदेशाची नोंद घेऊन, कर्तव्यकाल धरलेल्या काळातील वेतनवाढी प्रथम लावाव्यात आणि मगच थकबाकी काढावी. हा क्रम उलटल्यास थकबाकीचे देयक दोनदा करावे लागते.

राजीनामा मागे घेऊन परतणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. राजीनामा अंमलात आल्यापासून पुन्हा रुजू होण्याची परवानगी मिळेपर्यंतचा काळ ९० दिवसांहून अधिक असता कामा नये. हा खंड क्षमापित होतो. पण निवृत्तिवेतनार्ह सेवेत तो मोजला जात नाही.