खोकला आला की ओलं होतं?

पेणच्या गणपती कारखान्यात शाडूच्या मातीचं ओझं उचलणारी, रोह्याच्या शेतात कमरेत वाकून भात लावणारी बाई दमते ते दिसतं. पण खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवीचे दोन थेंब गळतात, हे ती कुणालाच सांगत नाही. बाळंतपणानंतर असं व्हायचंच, असं तिने धरून ठेवलेलं असतं. तसं मुळीच नाही, त्यावर उपाय आहे.

ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते; जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि रोजचं जड ओझं तिला आणखी सैल करतं. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये तिच्यासाठी व्यायाम मांडला. आपल्या हठयोगातला मूलबंध याच भागाशी निगडित आहे.

वारा सरताना अडवावा तसे स्नायू आत, वर खेचा. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका. पोट, मांड्या आवळू नका. लघवी करताना मात्र हा सराव नको. ओझं उचलण्याआधी, शिंक येण्याआधी हे स्नायू आवळायची सवय लावा.

फरक पडायला साधारण तीन महिने लागतात. अंग बाहेर येत असेल, दुखत असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर वाट पाहत बसू नका. गावच्या आशा सेविकेशी बोला, डॉक्टरांना दाखवा.