कोणत्या अक्षरांतली योको?

जपानमध्ये दोन अनोळखी माणसांनी एकमेकांना नावं सांगितली, की पुष्कळदा पुढचा प्रश्न येतो : कोणत्या अक्षरांनी लिहिता? कलावंत योको ओनो यांच्या नावातलं ‘यो’ म्हणजे महासागर आणि ‘को’ म्हणजे मूल. थोडक्यात, सागरकन्या. पण दुसरी एखादी योको सूर्यकन्या असेल, तर तिसरी पर्णकन्या. उच्चार तोच, लिहिण्याची चित्राक्षरं, म्हणजे कांजी, वेगळी. त्यामुळे ‘जपानी नावं आणि त्यांचे अर्थ’ अशा तयार याद्यांवर विसंबू नये. अक्षर पाहिल्याशिवाय अर्थ सांगताच येत नाही.

तिथे आडनाव आधी येतं, आणि बहुतेक आडनावांची मुळं मातीत असतात. तानाका म्हणजे भातखाचरांच्या मधला, यामामोतो डोंगराच्या पायथ्याचा, कोबायाशी छोट्या रानाजवळचा. होंडा म्हणजे मूळचं शेत. आपण गावाच्या नावाला ‘कर’ जोडतो. जपानी माणसानं घराच्या ओट्यावरून जे दिसलं तेच आडनावात घेतलं. सर्वाधिक आढळणारं सातो मात्र वेगळ्या वाटेनं आलं. त्यातलं ‘तो’ हे अक्षर फुजी नावाच्या जांभळ्या फुलांच्या वेलीचं (फुजी पर्वताशी त्याचा संबंध नाही), आणि ते एकेकाळच्या बलाढ्य फुजिवारा घराण्याशी नातं सांगतं. इतो, कातो यांतही तेच अक्षर आहे.

एदो काळात, म्हणजे सामुराईंच्या जुन्या राजवटीत, सामान्य रयतेला उघडपणे आडनाव लावता येत नसे. तो मान मुख्यतः सामुराईंचा. ती राजवट संपल्यावर आलेल्या मेइजी सरकारनं १८७० मध्ये सर्वांना परवानगी दिली आणि १८७५ मध्ये आडनाव सक्तीचं केलं. सैन्यभरतीसाठी माणसांची नीट नोंद हवी होती, हे त्यामागचं एक मोठं कारण.

काही आडनावं म्हणजे अस्सल कोडी आहेत. एका आडनावात चारच अक्षरं : चार, महिना, एक, दिवस. म्हणजे चौथ्या महिन्याची पहिली तारीख. वाचायचं मात्र ‘वातानुकी’, म्हणजे कापूस काढणं. थंडीसाठी किमोनोत भरलेला कापूस जुन्या पंचांगाप्रमाणे याच दिवशी काढत. दुसऱ्या एका आडनावाची अक्षरं सांगतात, ‘लहान पक्षी खेळतात’. वाचायचं ‘ताकानाशी’ : ससाणा नाही! ससाणा नसेल तिथेच पाखरं निर्धास्त बागडणार. आडनावात इतकं काव्य दडवणाऱ्या समाजाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पाळण्यातल्या नावात आईवडिलांची इच्छा असते. चित्रपट दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचं आडनाव ‘काळी दलदल’, तर नाव ‘उजळ’. पूर्वी मुलांची नावं क्रमानं ठेवत : इचिरो पहिला, जिरो दुसरा, साबुरो तिसरा. पण बेसबॉलपटू इचिरो सुझुकी हा घरातला धाकटा मुलगा. त्याच्या नावातलं ‘रो’ नेहमीचं नाही. ते प्रसन्नतेचं अक्षर आहे.

नावात कोणती कांजी वापरायची याची सरकारी यादी आहे. पण त्यांचा उच्चार काय करायचा, यावर दीर्घकाळ बंधन नव्हतं. १९९३ मध्ये तोक्यो महानगरातल्या अकिशिमात एका बापानं मुलाचं नाव ‘अकुमा’, म्हणजे सैतान, असं नोंदवायला दिलं. अक्षरं यादीतली होती, तरी वाद कोर्टात गेला आणि शेवटी मुलाला दुसरं नाव मिळालं. मे २०२५ पासून कुटुंबनोंदणीत उच्चारही लिहावा लागतो, आणि तो सर्वमान्य असावा लागतो. हे योग्यच झालं. आयुष्यभर ते नाव मुलाला वागवायचं असतं.

नावाची एवढी कदर करणाऱ्या या देशात नागरी कायद्याच्या कलम ७५० नुसार लग्नानंतर नवरा-बायकोचं आडनाव एकच लागतं. कायदा कुणाचंही चालेल म्हणतो. प्रत्यक्षात सुमारे ९५ टक्के जोडप्यांत बायकोच आपलं आडनाव सोडते. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ आणि २०२१ मध्ये हा नियम घटनाबाह्य नसल्याचं सांगून निर्णय संसदेवर सोपवला. ज्यांना आपापलं आडनाव ठेवायचं आहे, त्यांना संसदेनं ती मुभा द्यायलाच हवी.