आधी तारा, मग डबा

‘ईसीएम गेलाय’ असे गॅरेजमध्ये ऐकले, की जुन्या गाडीचा मालक मनातल्या मनात भंगारवाल्याचा भाव काढू लागतो. इंजिन कंट्रोल युनिट, ज्याला आपल्याकडे सरसकट ईसीएम म्हणतात, तो डॅशबोर्डच्या पोटात किंवा बॉनेटखाली बसवलेला धातूचा चपटा डबा. नवा घ्यावा तर महाग, पुष्कळदा मिळतच नाही. आणि गाडीची बाजारातली किंमत इतकी उतरलेली असते, की तिच्यावर एवढा खर्च करावा का, असा प्रश्न पडतो. माझे म्हणणे असे, की हे निदान जितक्या सहज सांगितले जाते तितक्या सहज मान्य करू नये. डबा खराब होतो, यात वाद नाही. पण बाहेरचे सगळे धड आहे हे एकेक करून तपासल्याशिवाय डब्यावर ठपका ठेवता येत नाही. ही मेहनत टाळून डबा बदलला तर पैसे जातात आणि मूळ दोष गाडीत तसाच राहतो. मेहनतीअंती डबाच दोषी निघाला, तरी जुन्या गाडीत तो बदलण्यापेक्षा दुरुस्त करणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

हा डबा गाडीत आला तो प्रदूषणाच्या नियमांचा हात धरून. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इंधन फवारणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये बसली. तिचे काम फक्त पेट्रोल मोजून देणे एवढेच होते. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत त्याच कंपनीची मोट्रॉनिक आली आणि पेट्रोल व ठिणगी या दोन्हींचा हिशोब एकाच डब्याकडे गेला. भारतात या बदलाला खरा रेटा मिळाला तो एप्रिल १९९९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात नव्या खाजगी मोटारींना जून १९९९ पासून युरो-१ आणि एप्रिल २००० पासून युरो-२ मानके लागू केली. कार्बोरेटरला त्या मर्यादेत बसणे जड गेले, आणि अगदी मारुती ८०० सुद्धा इंजेक्शनवर आली. मागच्या बाजूला ‘एमपीएफआय’ ही अक्षरे मिरवणाऱ्या त्या पिढीच्या गाड्या आज वीस-पंचवीस वर्षांच्या आहेत. त्यांचे इंजिन नीट राखले तर अजून चालते. म्हाताऱ्या झाल्या आहेत त्या त्यांच्या तारा, कपलर आणि अर्थिंगच्या जागा.

डबा करतो काय, हे पाहिले की संशय कुठून सुरू करायचा ते आपोआप कळते. क्रँकशाफ्ट कुठे आहे, इनटेकमध्ये दाब किती, थ्रॉटल किती उघडा, कूलंट किती तापला आणि धुरात ऑक्सिजन किती उरला, ही माहिती त्याला सेन्सरांकडून तारांवाटे मिळते. तिच्यावरून तो इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा आणि ठिणगी केव्हा टाकायची ते ठरवतो. बहुतेक गाड्यांत इंजेक्टरला १२ व्होल्ट कायम मिळत असतात. डबा फक्त दुसऱ्या बाजूने अर्थ जोडतो आणि तोडतो. म्हणजे त्याला जगाची खबर लागते ती तारेतून आणि त्याचा हुकूम पोहोचतो तोही तारेतूनच. तार खोटे बोलली तर तो चुकीचाच निर्णय घेणार, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटणार की डब्याचेच डोके फिरले. शिवाय डबा बंद पेटीत, बहुतेक गाड्यांत केबिनच्या आत, तुलनेने सुखात असतो. कपलर आणि सेन्सर मात्र तेल, पाणी, उष्णता, हादरे आणि पावसाळ्यात बॉनेटखाली आसऱ्याला येणारे उंदीर हे सगळे सोसत असतात.

म्हणून तपास सुरू होतो तो वीज आणि अर्थ यांपासून. इथे एक चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, तांबडे टोक डब्याच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने सरकवून अर्थच्या पिनवर, आणि मग सहकाऱ्याला स्टार्टर मारायला सांगायचे. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास राहिला तर अर्थ ठीक. तो अर्ध्या व्होल्टवर गेला, तर बॉडीवरच्या कुठल्यातरी बोल्टखाली गंज आहे. ओहमवर मोजून हे कळत नाही. केबलचा एकच धागा शिल्लक असला तरी ओहमचे माप शून्याजवळच दाखवते, कारण त्या मापात करंट नावालाच वाहतो. बोजा पडल्यावर काय होते, हे स्टार्टर फिरतानाच दिसते. पॉझिटिव्ह बाजूचीही हीच कथा. १९९० च्या दशकातल्या होंडा गाड्यांमध्ये मेन रिलेच्या आतला सोल्डर तडकायचा, उन्हात तापलेली गाडी सुरू व्हायची नाही आणि निवल्यावर मुकाट चालू लागायची. दोष रिलेचा, संशय मात्र डब्यावर. तिसरी जागा म्हणजे सेन्सरांना डब्याकडून मिळणारे ५ व्होल्ट. एकाच ओळीवर तीन-चार सेन्सर जोडलेले असतात. त्यांतला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट गायब होतात. अशा वेळी एकेक सेन्सर काढत जावे. ज्याचा कपलर सुटताच ५ व्होल्ट परत येतात, तोच चोर.

‘पण स्कॅनर लावला की कळतेच ना सगळे?’ हा पहिला आक्षेप. त्यात एक अडचण अशी, की अमेरिकेने १९९६ पासून सक्तीची केलेली ओबीडी-२ ही सामाईक पद्धत आपल्याकडे बीएस-४ या प्रदूषण मानकासोबत, २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या पुष्कळ गाड्या आपापल्या कंपनीच्या भाषेत बोलतात; काहींत तर दोन पिना जोडून चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावे लागते. मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. कोड सांगतो तो सर्किटचा पत्ता. त्या पत्त्यावर दोषी कोण, हे तो सांगत नाही. पी०११३ हा कोड घ्या. इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्ट जास्त आहेत, एवढाच त्याचा अर्थ. स्कॅनरवर तापमान उणे ४० अंश दिसते, म्हणजे सर्किट कुठेतरी तुटले आहे. सेन्सरचा कपलर काढून त्याच्या दोन पिना तारेने जोडल्या आणि आकडा एकदम शंभरच्या वर उसळला, तर तारा आणि डबा दोन्ही शाबूत, सेन्सर बदला. आकडा हलला नाही, तर हीच जोड डब्याच्या कपलरपाशी द्यावी. तिथे उसळला तर मधली तार तुटलेली. तिथेही ढिम्म राहिला, आणि पिन सैल नसेल, तरच बोट डब्याकडे वळवावे. ही तपासणी काही मिनिटांची असते, तिला लागते ती हातभर तार. पी०६०६ सारखे कोड थेट डब्याच्या प्रोसेसरचे नाव घेतात. पण कमी व्होल्टवर धडपडलेला डबाही अशी तक्रार करू शकतो, म्हणून तिथेही बॅटरी आणि अर्थ आधी.

डबा खरोखर बिघडतो तेव्हा त्याची कारणे मोजकी असतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हे त्यातले मुख्य. आतला द्राव उष्णतेने सुकत किंवा झिरपत जातो. दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मे, असा ढोबळ हिशोब आहे. १९९० च्या आसपासच्या जपानी गाड्या, विशेषतः मित्सुबिशी, यासाठी कुप्रसिद्ध आहेत. झाकण उघडताच मासळीसारखा वास येतो आणि कपॅसिटरच्या पायाशी तांब्याच्या रेघा खाल्लेल्या दिसतात. दुसरे कारण तडकलेला सोल्डर. दोष तापल्यावर किंवा खड्ड्यात आपटल्यावर प्रकटतो. तिसरे, इंजेक्टर किंवा कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर जळणे. मग एकच सिलिंडर कायम मिस मारतो. चौथे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत पाण्याखाली गेलेल्या गाड्यांमध्ये पायाशी बसवलेले डबेही भिजले. पाणी ओसरते, इंजिन सुरूही होते. पिनांवरची हिरवी बुरशी मात्र महिन्यांनी आपले काम दाखवते.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. एवढ्या चाचण्या करत बसण्यापेक्षा तशाच गाडीचा चालू डबा लावून पाहावा; चालली तर निकाल लागला. वेळेचा हिशोब पाहता यात तथ्य आहे, आणि इमोबिलायझर, म्हणजे किल्ली ओळखणारी चोरीरोधक यंत्रणा, नसलेल्या गाडीत, वीज, अर्थ, कॉइल आणि इंजेक्टर तपासून झाल्यावर, ही चाचणी योग्यच. पण आधी केली तर ती अंगाशी येते. शॉर्ट झालेल्या कॉइलने पहिल्या डब्याचा ट्रान्झिस्टर जाळला असेल, तर ती दुसऱ्याचाही जाळेल. इंजेक्टरचे वेटोळे साधारण १२ ते १६ ओहम दाखवते, ते दोन-तीनवर आले असेल तर चांगला डबा त्याच्या तोंडी देण्यात अर्थ नाही. शिवाय कपलर काढून घालताना पिनांवरचा गंज खरवडला जातो, गाडी सुरू होते आणि श्रेय नव्या डब्याला जाते. महिन्याभराने तीच तक्रार परत.

इमोबिलायझर असेल तर उसन्या डब्याची चाचणी काहीच सिद्ध करत नाही. किल्लीच्या डोक्यातली चिप, इग्निशन लॉकभोवतीचे वेटोळे आणि डबा यांचा संकेत जुळला नाही, तर इंजिन सुरूच होत नाही किंवा क्षणभर चालून बंद पडते. त्या काळच्या अनेक डब्यांत हा संकेत आठ पायांच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. ती सोल्डरमधून सोडवून वाचायची आणि तीच माहिती दुसऱ्या डब्यात लिहायची, हे कारागिरांचे क्लोनिंग. हीच विद्या चोरालाही उपयोगी पडते, तेव्हा जो कारागीर आधी आरसी बुक मागतो तोच भरवशाचा. पार्ट नंबरही शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा लागतो. एसी, गिअरबॉक्स आणि प्रदूषण मानक यांनुसार एकाच मॉडेलचे डबे आतून वेगळे निघतात.

आता दुरुस्ती की बदल? ‘हाताने डागलेला बोर्ड किती टिकणार?’ ही शंका रास्त आहे. एअरबॅग आणि एबीएस यांच्या डब्यांबाबत मी ती पूर्ण मान्य करतो. तिथे फसणारी दुरुस्ती जिवावर बेतते. इंजिनाच्या डब्याचे तसे नाही. कुर्ल्याच्या बाजारातून आणलेला जुना डबा तुमच्या डब्याच्याच वयाचा असतो. त्याचे कपॅसिटर तितकेच सुकलेले, सोल्डर तितकाच थकलेला, आणि तो कुठल्या पुरातून आला हे सांगायला कोणी नसते. आपल्या डब्यात मात्र बिघडलेला भाग नेमका माहीत असतो. १०५ अंशांचे नवे कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर किरकोळ भावात मिळतात, आणि किल्लीचा संकेत जागच्या जागी राहतो. बोर्डाचे थरच पाण्याने कुजले असतील किंवा प्रोसेसर मेला असेल, तर मात्र बदलाला इलाज नाही.

शेवटचा आक्षेप मेकॅनिकच्या बाजूने आहे: सर्किटचा नकाशा मिळत नाही, मग तपासायचे कशाच्या आधारावर? ही तक्रार खरी आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दलच. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. नकाशे खुले होईपर्यंत अंदाजाने डबे बदलले जाणार आणि त्याचे बिल मालक भरणार. तरी वर सांगितलेल्या चाचण्यांना संपूर्ण नकाशा लागत नाही. वीज, अर्थ आणि इंजेक्टरच्या पिना कळल्या तरी पुरते. म्हणून डबा बदलायला होकार देण्याआधी मालकाने तीन आकडे लिहून मागावेत: स्टार्टर फिरताना डब्याला मिळालेले व्होल्ट, त्याच वेळी अर्थवर दिसलेले व्होल्ट, आणि कॉइल व इंजेक्टर यांचे ओहम. ज्याला हे देता येतात, त्याने डबा दोषी ठरवला तर खुशाल मान्य करावे. ज्याला देता येत नाहीत, त्याच्याकडून गाडी उचलून दुसऱ्याकडे न्यावी.