‘पांगळा’ या एका शब्दाआड

रांजणगावच्या महागणपतीच्या आवारात, एका चतुर्थीस, पाच-सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन रांगेत तिष्ठणारी एक माउली मी पाहिली. हात भरून आला म्हणून तिने त्याला क्षणभर खाली उभे केले, तेव्हा त्याच्या टाचा फरशीला टेकेनात आणि पाय कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांत अडकले. “जन्मापासनं पांगळा हाय,” एवढेच ती म्हणाली.

तिने ज्याला पांगळेपण म्हटले, त्याचे वैद्यकीय नाव बहुधा सेरेब्रल पाल्सी; म्हणजे गर्भावस्थेत, प्रसूतिसमयी वा शैशवात वाढत्या मेंदूस झालेली इजा. ती इजा स्वतः पुढे वाढत नाही, परंतु मेंदूचा कोणता भाग दुखावला त्यानुसार देहावर तिची निरनिराळी खूण उमटते. सर्वांत अधिक आढळतो तो स्नायू ताठरण्याचा प्रकार. 1843 साली लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी ज्याचे विवेचन केले, तो मुख्यतः पाय ताठरण्याचा प्रकार अपुऱ्या दिवसांच्या मुलांत विशेष दिसतो. काहींत चारही हातपाय जखडतात. एकच अंग दुखावले असेल, तर सहा महिन्यांचे बाळ खुळखुळ्याकडे नेहमी एकच हात पुढे करते, दुसऱ्याची मूठ अंगठा आत घेऊन मिटलेली राहते, आणि घरचे ‘डावखोरा निघाला’ म्हणून कौतुक करीत मोलाचे महिने गमावतात. वर्षाच्या आत असा एकच हात चालू लागला, तर डॉक्टरांस दाखविण्यास दिरंगाई करू नये.

दुसऱ्या एका प्रकारात, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ वेळीच न उतरल्यास मेंदूच्या अंतर्भागास इजा होऊन हातपाय, चेहरा आपोआप वळवळतात; भावनावेगाने हे वाढते, झोपेत शमते. अशा मुलाची जीभही वळत नाही, म्हणून त्यास मंदबुद्धी ठरविण्याचा अन्याय सर्रास होतो. लहान मेंदू दुखावला, तर तोल ढळतो, मूल पाय फाकून चालते, पेला घेताना हात कापतो. हा प्रकार विरळा. काहींत दोन प्रकारांची सरमिसळ असते.

मुंबईत 1972 साली मिथू अलूर यांनी अशा मुलांसाठी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापिली. त्यांची कन्या मालिनी चिब हिने या विकारासह लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या संपादन केल्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या विकाराचा नामनिर्देश आहे. दिव्यांगत्वाचा दाखला मिळविण्याचा हक्क त्यामुळे निःसंशय आहे.

रांग सरकता सरकता मी त्या माउलीस विचारले, “दिवस पुरे भरले होते का?” “न्हाई, सातव्यातच झाला. काचंच्या पेटीत ठिवला व्हता.” मुलगा तोवर दोन्ही हातांनी दूर्वांच्या जुडीचा दोरा सोडवून एकेक पाते नीट वेगळे करीत होता.