तांब्याची कांती

पुण्याच्या जुन्या बाजारात शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, चाळत बसलं की एखादा विक्रेता हमखास कौतुकाने सांगतो, "साहेब, चिंच लावून लख्ख केलीय, बघा!" अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या नाण्यांचं वेड लागलेला माणूस हे ऐकून तिथूनच मागे फिरेल. गेली कित्येक वर्षं मीही त्याच जातीचा.

इतिहास उरकून टाकतो. १७९२च्या कायद्याने फिलाडेल्फियात टांकसाळ निघाली, १७९३पासून तिथे सेंट आणि अर्धा सेंट पडू लागले, १८५७मध्ये दोन्ही बंद झाले. आधी सेंट २०८ ग्रेनचा, म्हणजे साडेतेरा ग्रॅमचा होता. १७९५च्या अखेरीस तो १६८ ग्रेनवर आला. एक तपशील मात्र गाळवत नाही. पुढे टांकसाळ कोऱ्या चकत्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून मागवू लागली. याच बोल्टनच्या सोहो कारखान्याने १७९१मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबई इलाख्याचे तराजूछाप पैसे पाडले होते. सेंट आणि हा पैसा, ही दोन चुलत भावंडं मी एकाच खणात शेजारी ठेवतो. पाहुण्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

आता खरा विषय, कांती. नाण्यावर छाप उठवणाऱ्या ठशाच्या, म्हणजे डायच्या, दाबाखाली तांबं कडेकडे सरकतं आणि त्याच्या सूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवा, या रेषांमुळे उजेडाचा पट्टा गोल फिरताना दिसतो. नव्या तांब्याची लाली काळाबरोबर तपकिरी होते. कधी चॉकलेटी, कधी शेवाळी झाक येते. आम्लाचा हात फिरला की हा थर जातो, रेषा बोथट होतात आणि भलताच गुलाबी रंग उघडा पडतो. मग कुणी हुशार गंधक चोळून त्याला पुन्हा तपकिरी करतो. पण असा रंग खाचेत आणि उठावावर सारखाच बसतो. हाताळून झिजलेल्या खऱ्या सेंटवर लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचा, गाल जरा उजळ असतो आणि अक्षरांच्या कडेला काळपटपणा साठलेला असतो. भिंग घेतलं की मी आधी लिबर्टीच्या केसांकडे न बघता तिकडेच बघतो.

जुन्या तांब्याचे संग्राहक दर्जा दोन टप्प्यांत ठरवतात. आधी फक्त झीज पाहायची, मग गंज, खड्डे, ओरखडे, पुसापुशी यांचे गुण वजा करायचे. छापाने सत्तरपैकी तिसाच्या लायकीचं नाणं गंजापायी बारावर येतं. मला ही वजाबाकी दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या प्लास्टिकच्या सीलबंद डबीवरच्या एका आकड्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते, कारण काय बिघडलंय ते तिच्यात बोलून दाखवावं लागतं.

अस्सलपणाची गंमत निराळी. १७९९ आणि १८०४ ही दुर्मीळ सालं, त्यामुळे १७९८च्या आठाचा नऊ करणारे आणि १८०१च्या शेवटच्या एकाचा चार करणारे कारागीर भरपूर. १८०४साठी माझी आवडती परीक्षा साधी आहे. खऱ्या नाण्यात सालातलं शून्य आणि मागच्या बाजूच्या 'ऑफ' शब्दातला 'ओ' बरोबर पाठीला पाठ लावून असतात. १८६०च्या सुमारास कुणीतरी भंगारातला १८०३चा डाय खोदून दुरुस्त केला, त्याला १८२०चा मागचा डाय जोडला आणि 'नवे' १८०४ पाडले. तेही आता हौसेने विकत घेतले जातात!

आणि हे सत्तर गुणांचं माप कुणाचं? विल्यम शेल्डनचं. हा मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरांनाही त्याने एक ते सात असे आकडे लावले होते. १९४९च्या पुस्तकात त्याने सेंटचे प्रकार मांडले आणि सत्तर गुणांचं नाणं एका गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं, असा हिशेब बसवला. किमतींनी लवकरच तो मोडला, पण आकडे टिकले. शेल्डनने अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट गुपचूप उचलून त्या जागी आपले हलके ठेवल्याचं त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. जुन्या छायाचित्रांतले डाग आणि ओरखडे समोरच्या नाण्यांशी जुळेनात, म्हणजे पुन्हा कांतीच साक्षीला आली. प्रकरण कोर्टात गेलं. तरी १८१४पर्यंतच्या सेंटचा प्रकार आजही शेल्डनच्याच क्रमांकाने सांगतात. मीही सांगतो.