दुपारच्या उन्हात तयार होणारे विष

26 जुलै 1943. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. त्या दिवशी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर असे दाट धुरके उतरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. जपानने विषारी वायू सोडला, असे काहींना वाटले. नंतर बोट वळले कृत्रिम रबरासाठी रसायन बनविणाऱ्या एका कारखान्याकडे. कारखाना काही काळ बंद झाला, पण धुरके काही गेले नाही.

खरा गुन्हेगार सापडायला जवळपास दहा वर्षे लागली. आरी हागेन-स्मिट हे रसायनशास्त्रज्ञ मुळात अननसाचा वास कशाने येतो याचा शोध घेत होते. त्यांनी दाखवून दिले की गाड्यांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पेट्रोलच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडले की ओझोन तयार होतो. तेल कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधकांनी त्यांना खोटे ठरविण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

शाळेच्या पुस्तकात ओझोन म्हणजे आकाशातील संरक्षक कवच. तोच वायू जमिनीलगत आला की फुफ्फुसाचे आतले अस्तर सुजवितो, दम्याच्या रुग्णाला दवाखाना दाखवितो. तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि धुळीसाठीचा मास्क त्याला अडवीत नाही. मग जबाबदार कोणाला धरायचे?

येथे हवामानाचा भाग येतो. लॉस एंजेलिसच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. वर उष्ण हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि खालचा धूर खालीच कोंडतो. वारा मंद, ऊन कडक, पारा चढलेला, अशा दिवशी ओझोन सकाळपासून वाढत दुपारी कळस गाठतो. 1955 साली तेथे हवेच्या एक अब्ज भागांत ओझोनचे 680 भाग मोजले गेले. कायदे झाले, गाड्यांचा धूर कमी झाला, ओझोनही खूप उतरला. पण 6 सप्टेंबर 2020 रोजी त्या जिल्ह्यात पारा 49 अंशांवर गेला आणि शहराच्या मध्यभागी ओझोन 185 वर पोहोचला. ते टाळेबंदीचे वर्ष होते हे विशेष. उष्णता वाढत राहिली तर धूर कमी करून मिळविलेले यश ती असे परत हिसकावून घेऊ शकते.

आता हा ओझोन कोणाच्या वाट्याला येतो ते पाहा. 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने काळ्या व मेक्सिकन लोकांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगविल्या, तेथे कर्ज मिळेना. पुढे बॉयल हाइट्ससारख्या लाल वस्तीच्या छातीवरूनच महामार्ग नेले. वस्ती कोणाची हे पाहून रस्ता आखला जातो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गंमत अशी की ताजा धूर ओझोनला खातो, त्यामुळे महामार्गाला खेटून ओझोन कमी असतो. तेथे नायट्रोजनचा धूर मिळतो. तोच धूर समुद्रवाऱ्यावर पूर्वेकडे शंभरेक किलोमीटर जाईपर्यंत उन्हात शिजतो आणि सॅन बर्नार्डिनोत ओझोन होऊन उतरतो. तेथे गोदामांच्या रांगा आणि माल उचलणारे बहुतांशी लॅटिनो कामगार. म्हणजे एका वस्तीला धूर आणि दुसऱ्या वस्तीला ओझोन!

आपल्याकडेही मालमसाला तोच आहे. माहुलमध्ये तेल व रसायनांच्या साठ्यांतून निसटणाऱ्या वाफांमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली म्हटले होते. तरीही 2017 मध्ये जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून शेकडो कुटुंबांना तेथेच पाठविण्यात आले. या वाफा स्वतः घातक आहेतच, शिवाय ओझोनचा कच्चा मालही आहेत.

ओझोनसाठी भारताची मर्यादा ठरलेली आहे : आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम, एका तासाला 180. पण जानेवारी 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचे उद्दिष्ट धूलिकणांतच ठरविले गेले. हिवाळ्यात धुके दिसले की दिल्लीत धावपळ उडते. एप्रिल ते जूनमध्ये आकाश निरभ्र असते, ओझोन वाढलेला असतो आणि ओरड कोणी करीत नाही. त्या दुपारी रस्त्यावर कोण असते? झाडूवाली बाई, नाक्यावरचा बिगारी, हातगाडीवाला. वातानुकूलित खोलीत खिडक्या बंद असतात.

उन्हाळ्यात दुपारी बाहेरचे काम थांबवावे, अशी मागणी कामगार संघटना उष्माघातासाठी करतात. त्या निवेदनात यापुढे ओझोनचेही एक कलम घालावे, आणि आपल्या प्रभागाजवळच्या केंद्रावरील दुपारच्या ओझोनचे आकडे महापालिकेकडे लेखी मागावेत.